त्या शब्दाला कोकणीत

मे महिना. वास्कोत समुद्रालासुद्धा घाम फुटलेला.
नव्या वाड्यावर वारा नाही,
फक्त बंदरावरून येणारी कोळशाची भुकटी
दोरीवरच्या कपड्यांवर, खुरसाच्या पांढऱ्या पायरीवर
कुणाचं आडनाव न विचारता बसणारी.

कपेलाच्या फेस्ताच्या आदल्या रात्री
इनासियोच्या बेकरीच्या भिंतीवर
फिलोमेनाबाईंची डबलबेडची चादर ताणली
आणि क्लबच्या पोरांनी सिनेमा लावला.
परदेशातलं कुठलंसं शहर, त्यातली एक गल्ली,
असाच जीव नकोसा करणारा उन्हाळा,
एक लाँड्री, तिचा गोरा मालक, काळी गिऱ्हाइकं,
आणि कुणाचंच कुणावाचून न चालणं.

माईक माझ्याकडे. मास्तरला इंग्रजी येतं,
कोकणी येते, मराठी तर घरचीच.
बाप चंदगडहून घाट उतरून आला होता
मुरगावच्या धक्क्यावर मॅंगनीज उपसायला.

पुढे खुर्च्या. मागे चटया.
कोण कुठे बसायचं हे कुणी सांगितलं नव्हतं.
चटईवर दुर्गप्पा गवंडी,
पुढच्या सात घरांची भांडी घासणारी हुलिगेम्मा,
आणि मक्तुमसाब,
ज्याचे उंडे त्या सगळ्या खुर्च्यांनी
सकाळी चहात बुडवले होते.
बेकरीवर पाटी अजून इनासियोच्या आजोबांची,
पीठ मळणारे हात गदगचे.

तासभर मजेत गेला. मग शर्टावरच्या एका डागावरून
मालक काउंटरमागून ओरडला
तो एक शब्द.
आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

काळो म्हटलं असतं तर नुसता रंग.
भायलो म्हटलं असतं तर नुसता पत्ता.
मला हवा होता असा शब्द
जो हसतहसतही देता येतो,
जो देणारा जेवेपर्यंत विसरतो.
फार शोधावं लागलं नाही.

घाटी, मी म्हणालो.

खुर्च्या हसल्या. वाईट मनानं नव्हे,
पडद्यावर शेजारी दिसला की हसतो ना आपण, तशा.
शाबलो नाईक तर मागे वळून म्हणाला, बरोब्बर!
आणि वळल्यावर त्याला चटया दिसल्या.

हुलिगेम्मानं मांडीवरच्या नातीचे
कान नाही, डोळे झाकले.

माझा बाप हा शब्द रोज घरी आणायचा
आणि शर्टाबरोबर खिळ्याला टांगायचा.
मी तो मागच्याच आठवड्यात
बँकेच्या वॉचमनला दिला होता,
स्कूटर नीट लावू देईना म्हणून.

त्यानंतर तो शब्द सिनेमात अकरा वेळा आला.
माईक मी मांडीवर ठेवला.
लोक ओरडले, मास्तर, सांगा की,
मग आपापसात सांगू लागले.

शेवटी लाँड्री पेटली.
बरोबर तेव्हाच मक्तुमसाब उठला,
पिठाची वेळ झाली होती.
प्रोजेक्टरसमोरून वाकून जाताना
सगळी जळती गल्ली क्षणभर
त्याच्या बनियनवर आली
आणि तो बेकरीच्या दारातून आत गेला.
थोड्या वेळानं भिंतीपलीकडे
लाकडं फोडल्याचा आवाज.
पडद्यावर गाड्या आग विझवत होत्या,
मागे भट्टी पेटत होती.

सकाळी सायकलचा भोंपू माझ्या फाटकाशी.
त्यानं पाच उंडे मोजून दिले.
म्हणाला, सिनेमा अर्धाच कळला, मास्तर.
नंतर तुम्ही बोललाच नाही.
तो मालक पुढे काय म्हणत होता?

तेच, मी म्हणालो.

असं होय, म्हणाला,
आणि उरलेले दोन रुपये
पिठाळ बोटांनी माझ्या तळहातावर ठेवले.
उंडे एवढे गरम होते
की फाटकापासून ओट्यापर्यंत
पिशवी मला तीनदा हात बदलून न्यावी लागली.