सोम, बुध, शुक्र

पत्र आलंय. ग्रामीण रुग्णालय, आजरा.
डायलिसिसची दोन यंत्रं, खाटा तीन, तंत्रज्ञ एक.
आठ दिवसांत कळवावे.
आज सहावा.

रणधीर म्हणतो, पगार इथल्यापेक्षा बावीसशे जास्त,
त्यातले पंधराशे एसटीच खाणार.
शिरोलीच्या फौंड्रीत तो साचे फोडतो,
घरचा हिशेबही तसाच:
आधी फोडायचा, मग बघायचं आत काय गोठलंय.

रविवारी जाऊन आले.
कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त सासूबाईंना,
म्हणजे गल्लीला.
निपाणी आली तसा मोबाईल वाजला, कर्नाटकात आपले स्वागत.
उत्तूरच्या अलीकडे पुन्हा, महाराष्ट्रात आपले स्वागत.
जिल्ह्यातून त्याच जिल्ह्यात जाताना
दोनदा स्वागत झालं माझं,
आणि स्टँडवर उतरले तेव्हा
एका कुत्र्यानं मान वर करून पुन्हा खाली ठेवली.

फिलोमिना बारदेसकरांची मागची खोली.
काजूच्या टरफलांचा जळका वास, भिंतीला नवा चुना,
कोपऱ्यात कुणाचा तरी राहून गेलेला कॅरम.
भाडं अडीच हजार.
"नवरा?"
कोल्हापुरात राहील, म्हटलं.
"मग त्याला रविवारचा पाहुणा धरते. पाहुण्याचं पाणी वेगळं नाही लावत मी."

पाणी म्हणाल्या म्हणून आठवलं.
पर्समधून मीटर काढला, पेनाएवढा,
आणि त्यांच्या पेल्यात बुडवला.
आम्ही गावाआधी गावाचं पाणी ओळखतो.
तुम्ही तांब्याभर पिता;
माझ्या यंत्रात एका माणसामागे चार तासांत सव्वाशे लिटर जातं
त्याच्या रक्ताच्या अगदी शेजारून,
मधे केसाहून पातळ पडदा.
आकडा आला चौऱ्याहत्तर.
राजारामपुरीतल्या माझ्या नळाला दोनशेच्या वर.
"काय म्हणतंय?"
चांगलं आहे.
"ते ठाऊकच होतं की. त्याला पेन कशाला?"

आता मकबूल माणगावकर.
खाट नंबर चार, सोम, बुध, शुक्र.
आजऱ्याहून पहाटे निघतात, साडेतीनला उठून.
त्यांच्या डाव्या हाताची फुगलेली शीर
बोट ठेवलं की थरथरते,
लांब कुठंतरी पिठाची गिरणी चालू असावी तशी.
तीन वर्षं रोज दिवसाआड मी ती गिरणी ऐकते
आणि परतीच्या वाटेवर ते कुठल्या वळणावर ओकतात
हे मला त्यांच्या बायकोकडून कळतं, त्यांच्याकडून नाही.

काल त्यांना पत्राचं सांगितलं.
"तुमी? तकडं? कायबी न्हाई बगा तिथं मॅडम,
शुक्रवारचा बाजार सोडला तर. नका येऊ."
मग सुई टोचली, पंप सुरू झाला,
तास गेला असेल.
डोळे मिटलेलेच.
"खाट खिडकीकडची असंल काय?"

ऋजुताला पाचवीची स्कॉलरशिप आहे, ती इथंच राहणार.
तिनं कॅलेंडर काढून चौकोन मोजले, मला विचारलंही नाही.
"म्हणजे तू माझ्याकडे शनिवार-रविवार.
त्या आजोबांपेक्षा एक दिवस कमी."
हे काही रडून म्हणाली नाही,
भागाकाराची बाकी सांगावी तसं म्हणाली.

तेव्हापासून डोक्यात एवढंच.
ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आहेत ते आहेत,
कुणी गेलं-आलं म्हणून एकही कमी व्हायचा नाही.
एसटीत कुणी बसायचं, एवढंच मला ठरवायचंय,
आणि तेही सगळं माझ्या हातात आहे असं नाही,
उद्या कुणी दुसरी हो म्हणेल,
किंवा यंत्रं येतील आणि वर्षभर खोक्यातच राहतील,
असं झालेलं मी पाहिलंय.

भांडी झाली. रणधीर झोपला.
उद्या बुधवार.
साडेतीनचा गजर लावलाय मी,
काम काही नाही तेव्हा,
बघते उठून
कसं वाटतं.