घसा बसला तेव्हा

बटाट्याच्या सौद्यात वीस वर्षं ओरडलो,
निम्मे आकडे कन्नडात, निम्मे मराठीत.
सोमवारी दोन्ही गेले.

खडेबाजारात इराण्णानं पुडीतून
एक काडी काढली. "अतिमधुर."
मी मान हलवली, ओठांनीच म्हटलं,
ज्येष्ठमध की गा.
वास एकच.

भावाची नळिनी बेळगावात फार्मसी शिकते.
"चघळ की काका, घशावर थर धरतंय,
खवखव कमी येते, तपासलंय लोकांनी.
पण तुला बीपी हाय, रोज नको.
मिठाच्या गुळण्या कर.
आणि गप्प बस,
त्याला अभ्यास लागत नाही."

तीन दिवस रुमालाखाली
बोटं दाबून भाव केले.
बटाटा विकला गेला.

शुक्रवारी पहिला आकडा फुटला, चिरका.
कुठल्या भाषेत,
ते हमाल दस्तगीरला विचारा.
तो अजून हसतोय.