धक्का

केंकरे बाईंनी दहावी ‘ब’ला नार्वेच्या धक्क्यावर उभं केलं,
पाच जणांत एक घड्याळ,
आणि पलीकडे तिरकं, दिवाडीच्या काठावर,
मेस्त कायतान होडीच्या फळीत खिळे ठोकायला बसला.

त्याला आधीच सांगून ठेवलं होतं: सेकंदाला एक घाव.
त्याच्याकडे घड्याळ नव्हतं.
बाईंनी मीटरभर दोरी दिली, त्यानं तिला
जाळ्याचं शिसं बांधलं, माडाच्या वाशाला टांगलं
आणि झोक्यावर हात बसवला.

पहिला घाव मुका पडला.
हातोडा गेला, फळी हलली,
आमच्याकडे नुसतं पाणी पायरीला चाटत राहिलं.
दुसऱ्या घावाला बरोबर ठक्.
तिसऱ्याला ठक्. चौथ्याला ठक्.
निळकंठ म्हणाला, बाई, हा तर लगेच येतो.
बाई म्हणाल्या, थांब.

बावीस घाव. मग मेस्तनं हात मांडीवर टाकला,
हातोडा मांडीवर, नजर आमच्यावर,
आणि तेव्हा
ठक्.

कुणी हसलं नाही.
म्हणजे मघापासून आम्ही ज्याला आत्ताचा समजत होतो
तो प्रत्येक ठक् आदल्या घावाचा होता,
चुकीच्या हातावर चपखल बसलेला.

तिथली हवा इथे येत नाही, बाई म्हणाल्या,
आणि त्यांना उदाहरण शोधावं लागलं नाही, फेरीबोट लागली.
लोखंडी फळी काठावर आपटली,
मागची बाई मासळीच्या पाटीसकट पुढच्यावर,
पुढचा स्कूटरवर, स्कूटर पदेराच्या सायकलीवर,
सायकल आमच्या निळकंठावर.
सगळे पुन्हा जिथल्या तिथे.
फक्त धक्का तेवढा
धक्क्यापर्यंत आला.

आगुस्तीन खुबे काढायला पाण्यात होता, त्यालाही कामाला लावलं.
अर्धी होडी काठावर, शेपूट नदीत;
मेस्तनं एकदाच ठोकायचं,
यानं बुडी मारून ऐकायचं आणि हात वर करायचा.
हात आधी वर आला. ठक् मागून आली.
पाण्यात चार पटींहून जास्त, बाई म्हणाल्या,
पाणी दाबायला कठीण, म्हणून निरोप झटकन सोडतं.
कुठून आला रे आवाज?
आगुस्तीननं नाकातलं पाणी शिंकरलं.
कुठूनच नाही. डोक्यातच वाजला.

परतताना मेस्तला लंबक परत मागितला.
शिसं त्यानं काढून घेतलं, दोरी दिली.
बाईंनी त्याला सगळं समजावलं, सेकंद, मीटर, उशीर.
तो म्हणाला,
म्हाका हांगाच आयकता, बाये. तुमीच पयस आसात.

आता तिथे फायबरच्या होड्या होतात, ठोकणं फारसं नाही.
मेस्तचं दुकान कुणी घेतलं ते मी विचारलं नाही.
प्रयोगवही मात्र माझ्याकडे आहे,
मिठागराच्या हवेनं पानं फुगलेली.
नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं अंतर: तीनशे अठ्ठेचाळीस मीटर.
वेळ: एक सेकंद.
खाली लाल शाईत दहापैकी सात,
शेरा: तापमान लिहिलेलं नाही.

तापलेल्या हवेत आवाज घाईत असतो,
दर अंशाला सेकंदामागे साधारण साठ सेंटीमीटर,
आणि भिजली हवा जड वाटते तरी
खरं तर हलकी, तिच्यात तो आणखी जरासा पुढे.
हे मला तेव्हाही येत होतं. पारा बघायचा राहिला, एवढंच.

काल रात्री वीज गेली होती, झोप नव्हती.
मी तीनशे अठ्ठेचाळीसातून
शून्य अंशाचे तीनशे एकतीस वजा केले,
उरलेल्या सतराला शून्य पूर्णांक सहानं भागलं,
दमटपणाचं थोडं सोडून दिलं.

बाई, त्या सकाळी नार्वेच्या धक्क्यावर
अठ्ठावीस अंश होते.
ते तीन गुण द्या.