पडद्याची मागची बाजू

खोर्लीचं शेत कापून झालं की
नारू शेट खलप तंबू ठोकायचा.
माझं काम एकच, पडदा भिजवायचं.
बादली, बांबूची पिचकारी
आणि दर रिळाला एक धावपळ.
ओला पडदा मागूनही दिसतो,
मग मागे बसणाऱ्यांचेही पैसे होतात.
पुढे आठ दुडू. मागे दोन.

पुढे बाकडी, पहिल्या रांगेत खुर्च्या,
बोतीकार, इस्क्रिव्हांव, पाद्रीचा भाचा.
गिरीच्या इगर्जीतून उसना आणलेला मिंगेल
व्हायोलिन छातीशी धरून;
त्याला चार धुना यायच्या, त्यातल्या दोन मयताच्या.
आणि रॉकेलच्या खोक्यावर सगुण मास्तर,
पाट्या वाचायला.
पाट्या पोर्तुगीज. मास्तर प्रिमेर ग्राव नापास.
पाटीवर दोन ओळी,
मास्तर बोलत राही पुढचं भांडण सुरू होईपर्यंत:
"ती म्हणते, बाबा, तुमच्या पायांची आण..."
बाबा तोवर घोड्यावर बसून गेलेले.

मागे मास्तर अर्धामुर्धा ऐकू यायचा,
बाकीचा यंत्राची खडखड खाऊन टाकी.
मागे अक्षरं उलटी.
ज्यांना सुलटी येत नव्हती
त्यांचं त्याने काय अडलं?
रेंदेर जुझे, मिठागरातले गडी, मासळीवाल्या,
सगळ्यांनी मिळून गोष्ट लावून घेतली.

शुक्रवारच्या बाजारात
दोन सिनेमे समोरासमोर यायचे.
"तो तिचा भाऊ," इस्क्रिव्हांवचा गडी म्हणे.
"भाव खंयचो! घोव तो तिचो,"
इनासिना सुरमईवरचा हात न काढता.
एकदा तर प्रकरण तागडीवर गेलं.
सिनेमा मुका.
साक्षीला बोलवायचं कुणाला?

आवडू मागेच बसायची, दांडीच्या अगदी जवळ.
बोडगेश्वराच्या वाटेवर अबोली विकायची.
फुलं ओवायची डाव्या हाताने,
म्हणून तिचे हार देवाला चालत नसत,
फक्त बायकांच्या केसांना.
लहानपणी त्या हाताला डाग दिला होता,
कुणी दिला ते ती सांगत नसे.

पडद्यामागे राजा डाव्या हाताने तलवार उपसायचा.
डाव्याने जेवायचा, डाव्याने आशीर्वाद द्यायचा.
भटजीसुद्धा.
मी चार वर्षं पाणी मारत होतो
आणि हे मला दिसलं नव्हतं.
ती हळूच म्हणायची,
"पिचकारी मार रे. त्याचा हात सुकला."

पुढे तिच्या जावयाने बाकड्याचं तिकीट काढलं.
मध्यंतरानंतर बाकडं रिकामं,
आणि आवडू दोन दुडू देऊन परत मागे.
जावई रुसला. शेट हसला, दोन्हीकडचे पैसे घेऊन.

मग बोलपट आला.
पक्की भिंत, जाड कापड.
पहिल्या रात्री लोक बाहेर पडताना म्हणाले,
काय बोलतात, बाबा, फार बोलतात!
मास्तर तिसऱ्या बाकावर बसून
सवयीने प्रत्येक वाक्य आधीच म्हणत होता,
दर वेळी चुकत होता.
मिंगेल आलाच नाही.

आवडूने मला दारात गाठलं.
"मागे जागा आहे?"
"मागे भोंगा आहे."
ती पुढे बसली, बाकड्याच्या टोकाशी.
पडद्यावर तोच नट, तीच मिशी,
कागद ओढून सही करत होता.
तिने माझी बाही धरली.
"उजव्यान कित्याक बरयता तो?
हात मोडला काय रे?"

मला उत्तर सुचलं नाही.
आता मी सोडा विकत होतो.
तिने अर्धी बाटली प्यायली, उरलेली मला दिली,
कनवटीचं नाणं डाव्या हाताने काढून
अंधारात पुढे केलं.
मी माझा डावा पुढे केला,
तर नाणं पडलं
आणि आम्ही दोघं वाकून शोधत राहिलो,
वर ते लोक बोलतच होते.