उतरायचं भाडं

ग्लदानीतल्या आमच्या सोळा मजली इमारतीत
लिफ्टला पैसे पडतात.
आत पत्र्याची पेटी, पेटीला फट,
दहा तेत्रीचं नाणं टाकलं की मग बटण ऐकतं.
हे वर जायचं. खाली यायला काही नाही.

बरोबरच आहे, ओतिया म्हणायचा,
पडणं फुकटच असतं, त्सियाला.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा.
नखांतलं ग्रीस लग्नातही निघालं नव्हतं.
त्याचा आजा कड्यावरच्या मठासाठी रहाट फिरवायचा:
टोपलीत मक्याचं पीठ, मीठ, मेणबत्त्या,
एकदा तापानं फणफणलेला एक साधू.
बाप चिआतुराच्या खाणीत, रोपवेवर.
दरीवर लोंबकळणारे पत्र्याचे डबे,
आत कामाला निघालेली, जांभया देणारी माणसं.
आणि हा इथे, आमच्या जिन्यापाशी,
खांद्यावर पान्यांची पिशवी.

दारू चढली की एकच गोष्ट सांगायचा.
न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात म्हणे एक जण
उंच टांगलेल्या फळीवर उभा राहिला
आणि म्हणाला, कापा दोर.
कापला.
फळी चार बोटं घसरली,
दाते अडकले, थांबली.
नाव जवळजवळ माझंच होतं त्याचं, ओतिया हसायचा.
वर तर काय, आजोबाचा रहाटही न्यायचा गं.
त्यानं न पडणं शोधून काढलं.

फेब्रुवारीत तो गेला. नववा मजला.
शवपेटी लिफ्टमध्ये मावेना.
उभी करून न्या, कुणीतरी सुचवलं.
मी म्हटलं, नाही.
सहा जणांनी जिन्यानं उतरवला,
वळणावळणाला कोन जुळवत, धापा टाकत.
पाचव्यावर झुझुनानं सगळ्यांना पाणी दिलं.
शेजारून लिफ्ट वर गेली, कुणाची तरी,
नाणं पडल्याचं ऐकू आलं.

परतले तेव्हा अंधारलं होतं.
काळ्या कोटाच्या खिशात सुट्टे नव्हते,
झुझुनाच्या नातवानं नाणं टाकलं, पाचव्यावर उतरला.
पाच आणि सहाच्या मधे
लिफ्ट चार बोटं घसरली,
दाते अडकले, थांबली.
दिवा गेला.

पेटीवर दुरुस्तीवाल्याचा नंबर असतो.
मला वाचायची गरज नव्हती,
घरचाच होता.