खुलासा: तूरडाळ, अडीच किलो

माननीय लेखाधिकारी,
आपलं पत्र मिळालं. जावक क्रमांक पुसट आहे,
आक्षेप मात्र स्पष्ट:
उन्हाळी संशोधन अनुदानातून
खाद्यपदार्थ अनुज्ञेय नाहीत,
तीनशे नव्वद रुपये परत भरावेत.

साहेब, ती डाळ खाद्यपदार्थ नव्हती.
निदान सुरुवातीला तरी.

दर्यापूरच्या पुढे, पूर्णेच्या काठी, खारपाणपट्टा.
मी मुलीला मीटर दिला होता.
चौदा विहिरी, चौदा आकडे, वहीत उतरव,
एवढंच माझं मार्गदर्शन.
सुकेशिनी तायडे, बी.एस्सी. दुसरं वर्ष.
तिसऱ्या दिवशी मीटर टेबलावर ठेवून म्हणाली,
"सर, आकडा कोनाले समजते?
पंचफुलाबाई म्हन्ते, डाय शिजत नाई ह्या पान्यात.
किती नाई शिजत, थे मोजू का?"

वीस वर्षं मी पाण्याचा कठीणपणा शिकवतो,
फळ्यावर, कॅल्शियमसकट.
मला हे सुचलं नव्हतं.
हे वाक्य लिहायला प्रपत्रात रकाना सापडला नाही,
म्हणून इथे लिहितो.

मग मे महिना. सेहेचाळीस अंश.
कॉलेजात एक शिपाई आणि पारवे.
शाळेच्या खिचडीच्या शेडमध्ये शेगडी मांडून
पन्नास ग्रॅम डाळ,
अर्धा लिटर विहीर,
घड्याळ.
दर पाच मिनिटांनी दहा दाणे
दोन काचपट्ट्यांत दाबायचे.
कणी लागली, की अजून पाच.
सात नंबर: एक तास पन्नास मिनिटं, तरी कणी.
बाया बघायला यायच्या:
"पोट्टी कालेजात जाऊन सैपाक शिकून रायली!"
ती हसायची, आणि वेळ लिहायची.

नऊ नंबरची डाळ अठ्ठावीस मिनिटांत लोणी.
मीटर म्हणे, अशक्य.
मी म्हटलं, काहीतरी चुकलंय, खोडून टाक.
तिनं खोडलं नाही.
दोन दिवस त्याच विहिरीच्या काठावर बसून राहिली,
पिशवीत ग्लुकोजची बिस्किटं
(त्यांचं बिल लावलेलं नाही).
शेवटी पंचफुलाबाईंनीच कबूल केलं,
पोरीचा घाम पाहवला नाही,
तिन्ही वेळा चिमूटभर सोडा टाकला होता.
म्हणून नऊ नंबर पुन्हा, तीनदा.
दीडशे ग्रॅम जादा. नोंद घ्यावी.

विद्यावेतनावर आपला आक्षेप नाही,
महिना सहा हजार, दोन महिने. तरी सांगतो.
मागच्या उन्हाळ्यात ही मुलगी
लग्नांच्या पंगतींत वाढायला जायची,
रात्रीचे तीनशे, आणि उरलं तर वरण.
यंदा तिला
एकच प्रश्न धरून बसायचे पैसे मिळाले.
तिच्या आईला ते खरं वाटेना.
पासबुक दोनदा छापून आणलं,
दुसऱ्यांदा छापायला काही नव्हतं.

आता हिशेब.
चौदा विहिरी, तीन वेळा, पन्नास ग्रॅम: एकवीसशे.
नऊ नंबरचे दीडशे.
उरतात अडीचशे.

तिला तुलनेला गोडं पाणी हवं होतं.
शाळेच्या पत्र्यावरून टाकीत उतरलेलं, गेल्या सालचं,
तळाशी दोन बादल्या निघालं.
शेवटच्या दिवशी उरलेली सगळी डाळ त्यात घातली.
एकवीस मिनिटं.
काचपट्टी लावायच्या आत दाणा बोटातच विरघळला.
मग कोणीतरी लसूण आणला, कोणीतरी मिरच्या,
ताटल्या शाळेच्याच होत्या.
एका म्हातारीनं घास तोंडात धरून ठेवला,
किती तरी वेळ गिळलाच नाही.
सुकेशिनीनं तीही वेळ लिहिली आहे,
पान बत्तीस, समासात.

तेव्हा ते अडीचशे ग्रॅम
खाद्यपदार्थ होते, हे मान्य.
एकोणचाळीस रुपये सोबत जोडले आहेत.
पावती द्यावी.