शंभराचा बल्ब

सोमवारी रात्री डीपी जळाली.
नाल्याच्या बाजूला एक निळा डोळा उघडला
आणि मिटला.
माझ्या हाताखालचा मिक्सर थांबला,
जवसाची चटणी अर्धी भरड, अर्धी अख्खी.
आता येईल म्हणून थोडा वेळ
हात तसाच झाकणावर ठेवला.

नवरा वायरमन, कंत्राटावरचा.
म्हणून पहिले तीन दिवस
गाव आमच्याच ओट्यावर.
"कवा येते वो बाई लाइन?"
जशी लाइन माझी नणंद
आणि मीच तिला माहेरी धाडली.
दारव्ह्यात डीपी नाही, यवतमाळहून येते आहे,
मी सांगायची.
मग कुणी विचारेना.
ते जास्त लागलं.

चक्की बंद. दोन्ही वेळा भात.
टाकी कोरडी, म्हणून जुन्या विहिरीवर
नवा दोर, आणि दोराशी भांडणं.
पुंडलिकभाऊच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर
अख्ख्या आळीचे मोबाइल,
एका वेळी दोन, लग्नाच्या पंगतीसारखे.
समीक्षा दहावीला. दिव्यापाशी नाक नेऊन
मोठ्यानं वाचायची: विद्युतधारेचे परिणाम.
मी म्हटलं, बाई, दुसरा धडा घे.

चौथ्या संध्याकाळी
रत्नकला उईके खोका घेऊन दारात.
आत साठ पिल्लं, सहा दिवसांची.
शंभराचा बल्ब हीच त्यांची माय होती.
"माह्यं घर टिनाचं. तुमच्या भितीले ऊब हाय."
मी काही म्हणायच्या आत
तिनं खोका चुलीजवळ टेकवला होता.

मग रात्री अशा गेल्या:
पऱ्हाट्या भडाभडा जळतात, निखारा धरत नाहीत,
म्हणून बाभळीची दोन खोडं.
विटा तापवायच्या, फडक्यात गुंडाळायच्या,
खोक्याच्या चारी कोपऱ्यांत ठेवायच्या.
दोन तासांनी पुन्हा.
बाराला मी, दोनला रत्नकला,
चारला ज्या कुणाला जाग येईल ती.
बाहेर तुरीवर धुवारी इतकी
की कुत्रं भुंकलं तरी कुठलं ते कळू नये.

सकाळी रत्नकला मोजायची.
साठ. अठ्ठावन्न. त्रेपन्न.
गेलेली पदरात घेऊन लिंबाकडे जायची,
परत येऊन हात धुवायची,
चहा मागायची.

तो यायचा रात्री नऊ-दहाला,
अंगाला जळक्या तेलाचा वास.
कुणीतरी चौकात बोललेलं असायचं,
कुणीतरी सायबाला फोन लावून
याच्याच कानाशी धरलेला असायचा.
जेवायला बस म्हटलं तर बसायचा नाही.
चुलीशीही हात शेकायचा नाही.
खोक्यात दोन्ही हात घालून उकिडवा बसायचा,
आणि पिल्लं त्याच्या तळव्यांवर चढायची,
बोटांच्या बेचक्यांत डोकी खुपसायची.
त्याचे हात थंड होते. तरी.
पाच मिनिटं, दहा मिनिटं.
मी कंदिलाची वात कमी करायची
म्हणजे त्याला कुणी बघतंय असं वाटू नये.

अकराव्या रात्री तीनला
स्वयंपाकघरात काहीतरी किंचाळलं.
मिक्सर.
चटणी मी कधीच पाट्यावर वाटून घेतली होती,
बटन तेवढं विसरले.
भांड्याशिवाय तो नुसताच ओरडत होता,
बल्ब डोळे फाडून जळत होता,
टीव्हीत कुणी बाई बातम्या सांगत होती
आणि आम्ही तिघी एकमेकींकडे पाहत होतो:
समीक्षाच्या कपाळाला काजळी,
रत्नकलाच्या पदराला राख,
विज्ञानाच्या पुस्तकावर पिल्लांची विष्ठा.
घर इतकं घाण होतं हे
अंधारानं सांगितलं नव्हतं.

रत्नकलानं पिल्लांवर बल्ब लोंबता सोडला.
पिल्लं आली नाहीत.
विटांनाच चिकटून राहिली.
"येतीन," ती म्हणाली, "येवढी घाई काय."
सत्तेचाळीस होती.

उजाडता उजाडता फाटक वाजलं.
पक्कड खांद्याला, मफलर दवानं ओला.
खांबावर तो होता, जोडणी त्याची,
तरी ओट्यावर न चढता, खालूनच,
गावानं विचारावं तसं त्यानं विचारलं,
"आली का?"

आली, म्हटलं.
मिक्सर जळाला.